आतला डोळा दुखत नाही

(कळंबोली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळंबोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावत येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "डॉक्टर, कण गेलाय." लोखंड बाजारात कुणी गॅसकटरने प्लेट कापत असतो, कुणी ग्राइंडर चालवत असतो, कुणी नुसताच शेजारून चाललेला असतो. एका डोळ्यावर रुमाल दाबलेला, दुसऱ्यातूनही पाणी. त्याला रांगेत थांबवत नाही, आणि तोही थांबू शकत नाही. पण याच गावात पंधरा वर्षं मधुमेह असलेला, एकदाही डोळा आतून तपासून न घेतलेला माणूस आरामात चहा पीत बसलेला असतो. त्याला काही दुखत नसतं. माझ्या मते या दोघांत जास्त घाई दुसऱ्याला हवी. असं का, ते सांगायचं तर डोळ्याच्या आत शिरावं लागेल.

आपला डोळा पुढून मागे जेमतेम २४ मिलिमीटर लांब असतो. म्हणजे एक इंचही नाही. एवढ्या अंतरात आत जाताना दोन गोष्टी घडतात : वेदना कमी कमी होत जाते, आणि बिघडलेला भाग बदलता येण्याची शक्यताही कमी कमी होत जाते. सर्वांत पुढचा भाग सर्वांत जास्त दुखतो, आणि तोच सर्वांत सहज दुरुस्त होतो. सर्वांत मागचा भाग जराही दुखत नाही, आणि तो गेला की परत येत नाही. एवढी एक गोष्ट आज मला आपल्यापुढे ठेवायची आहे.

पुढून सुरुवात करू. बुबुळावर जो पारदर्शक, फुगीर पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. बोलताना आपण त्यालाही बुबुळच म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. कातडीच्या शेकडो पट दाट असे वेदनेचे तंतू त्यात असतात, म्हणून धुळीचा कणही असह्य होतो. पण त्यात रक्तवाहिनी एकही नाही. रक्त असतं तर ते लाल दिसलं असतं, पारदर्शक राहिलं नसतं. मग त्याला पोसतं कोण? प्राणवायू तो थेट हवेतून घेतो, आणि अन्न मुख्यतः मागच्या द्रवातून. त्याच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकेरी थर असतो. या पेशी पारपटलात शिरणारं पाणी अखंड बाहेर उपसत असतात. उपसा थांबला की पारपटल फुगतं, दुधाळ होतं. या पेशी माणसाला जन्मतः मिळतात तेवढ्याच. गेलेल्यांच्या जागी नव्या येत नाहीत.

कण गेलेला माणूस तपासणीच्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो, तेव्हा प्रकाशाची एक बारीक पट्टी त्या पारपटलावर तिरकी पाडली जाते. त्या पट्टीत पारपटल कापल्यासारखं दिसतं, आणि कण किती खोल गेलाय ते समजतं. लोखंडाचा कण काळा असतो. तो काही तास राहिला की भोवती नारिंगी-तपकिरी कडं धरतं. तो गंज. लोखंड पावसात गंजतं तसंच ते अश्रूंतही गंजतं. बधिर करणारे थेंब टाकायचे, सुईच्या टोकाने कण उचलायचा आणि मग ते कडंही खरवडून काढायचं. वरचा थर एक-दोन दिवसांत भरून येतो, मागे खूणही राहत नाही. मात्र त्याखालच्या थरांना इजा झाली, किंवा रुमालाच्या टोकाने, काडीला गुंडाळलेल्या कापसाने कुणी मित्राने "काढून" दिला आणि जंतू शिरले, तर पांढरा डाग उरतो. त्याला आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो.

याहून वाईट चुना. तंबाखूच्या पुडीबरोबर येणारी चुन्याची ट्यूब लहान मुलं दाबतात आणि ती फुटून चुना डोळ्यात उडतो. बांधकामावरही हे होतं. चुना हा अल्कली, म्हणजे क्षार. आम्ल वरच्या थरातच गोठून थांबतं; क्षार पेशींची स्निग्ध आवरणं विरघळवत आत उतरतो. अशा वेळी दवाखाना शोधत फिरू नका. जिथे असाल तिथे, हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवा, आणि मगच निघा. त्या अर्ध्या तासाचं काम पुढे कुठलाही सर्जन करू शकत नाही.

चुना आणि लोखंड या दोघांची एक जुनी गोष्ट आहे, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी अलोइस ग्लोगार नावाचा एक रोजंदारी मजूर होता. चुना विझवताना त्याचे दोन्ही डोळे भाजून पांढरे झाले. त्याच सुमारास लोखंडाचे तुकडे घुसून डोळा निकामी झालेला एक अकरा वर्षांचा मुलगा तिथल्या डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्याकडे आला. तो डोळा काढावाच लागणार होता, पण त्याचं पारपटल चांगलं होतं. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्म यांनी त्याचे तुकडे मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बसवले. एका डोळ्यातला टिकला आणि माणूस पुन्हा कामावर गेला. माणसाचं पारपटल माणसात यशस्वीपणे बसवल्याची ती जगातली पहिली नोंद. रक्तवाहिन्या नसल्यामुळेच ते परक्या शरीरात निभावतं. साधारणतः रक्तगटही जुळवावा लागत नाही. नेत्रदानात दुसऱ्याच्या डोळ्यात बसवलं जातं ते हेच पारपटल. मृत्यूनंतर लगेच कळवायचं, कारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात; तोवर पापण्या मिटायच्या, त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि वरचा पंखा बंद करायचा. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, मधुमेह होता, वय ऐंशी होतं, यांपैकी कशाचीही सहसा आडकाठी येत नाही.

पारपटलाच्या मागे एक छोटीशी जागा आहे आणि तिच्यात पाणी आहे. जलीय द्रव म्हणतात त्याला. अश्रूंचा आणि त्याचा काही संबंध नाही. बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे लपलेल्या लोमश पिंडात ते तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पारपटल व रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. साधारण दोन तासांत सगळं पाणी नवं होतं. पुढच्या पारपटलाला आणि मागच्या भिंगाला अन्न पोचवणं, आणि डोळा टणक, गोल ठेवणं, ही त्याची कामं. डॉक्टर ज्याला डोळ्याचं प्रेशर म्हणतात ते या पाण्याचं; बहुतेकांत १० ते २१ च्या दरम्यान.

रंगीत पडद्याबद्दल थोडंच सांगतो. बाहुली लहान करणारा एक स्नायू आणि मोठी करणारा एक, एवढा त्याचा कारभार. कोकणात घाऱ्या डोळ्यांचं कौतुक फार, पण घाऱ्या डोळ्यात निळं-हिरवं रंगद्रव्य नसतं. तपकिरी द्रव्य कमी असतं आणि प्रकाश विखुरल्यामुळे तो रंग दिसतो. हा पडदा मात्र दुखतो. त्याला सूज आली तर उजेड सहन होत नाही. डोळ्यातली दुखण्याची हद्द जवळजवळ इथपर्यंत. याच्या मागे शांतता आहे.

जलीय द्रवाच्या निचऱ्याची जाळी तुंबली तर प्रेशर वाढतं. एकाएकी वाढलं तर डोळा लाल होतो, डोकं फुटायची वेळ येते, उलट्या होतात. तो माणूस वाचतो, कारण तो धावत येतो. हा एका प्रकारचा काचबिंदू, पण जास्त आढळणारा काचबिंदू सावकाशीचा. त्यात वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. प्रेशरखाली ते एकेक करून मरतात. आधी कडेची नजर जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, वाचता येतं, टीव्ही दिसतो. रुग्ण तक्रार घेऊन येतो तोवर बरेचसे तंतू गेलेले असतात, आणि गेलेला एकही परत आणता येत नाही. थेंबांनी उरलेले राखता येतात.

इथे मला मनापासून एक विनंती करायची आहे. वेल्डिंगची झळ लागली, डोळे लाल झाले, खाज सुटली की आपण औषधाच्या दुकानातून "लालीवरचे थेंब" आणतो. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. एका दिवसात लाली जाते, दुखणं जातं, म्हणून तीच बाटली घरात राहते आणि सहा-सहा महिने वापरली जाते. स्टेरॉइड काही जणांत तीच निचऱ्याची जाळी तुंबवतं आणि भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूही धरवतं. बाहेरच्या डोळ्याची कुरकुर बंद करून ते आतला डोळा मारतं, आणि आतला डोळा तक्रार करत नाही. जी बाटली डॉक्टरांनी तुम्हाला, या वेळी, इतक्याच दिवसांसाठी म्हणून दिलेली नाही, ती वापरू नका.

आता भिंग. बाहुलीच्या लगेच मागे, बारीक दोऱ्यांनी लोमश पिंडाला टांगलेलं. यालाही रक्त नाही, मज्जातंतू नाही. त्याच्या पेशी परिपक्व होताना आपलं केंद्रक टाकून देतात, कारण केंद्रकानेही प्रकाश अडला असता. बाहेरून नवे थर चढत जातात, पण जुने झडत नाहीत. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असतानाची असतात. साठीच्या माणसाच्या अंगातल्या सर्वांत जुन्या ऐवजांपैकी हा एक. जवळचं पाहताना भोवतीचा स्नायू आवळतो, दोऱ्या सैल पडतात, भिंग फुगीर होतं. चाळिशीत ते ताठर व्हायला लागतं. ट्रकचालकाला अर्धा किलोमीटरवरची पाटी दिसते आणि हातातला चलनाचा कागद मात्र लांब धरावा लागतो, त्याचं कारण हे.

पुढे तीच प्रथिनं गढूळ होतात आणि मोतीबिंदू होतो. उन्हाचे अतिनील किरण, मधुमेह, तंबाखू यांनी तो लवकर येतो. भट्टीपुढे वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांना उष्णतेनेही येतो; जुन्या काळी काच फुंकणाऱ्या कारागिरांत तो ओळखीचा होता. मोतीबिंदू दुखत नाही, पण त्याच्याबाबत आपण सुदैवी आहोत, कारण भिंग बदलता येतं. आणि हे सुचलं कसं, तर डोळ्यात घुसलेल्या कणांवरूनच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत गेल्या. त्या काचा खरं तर ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या होत्या. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी पाहिलं की या ठिकऱ्या डोळ्यात मुकाट पडून राहतात, डोळा त्यांच्यावर चवताळत नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच द्रव्याचं पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं त्यांना वेड्यात काढलं. महाराष्ट्रात जे.जे. रुग्णालयापासून आनंदवनातल्या शिबिरांपर्यंत डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम उभं केलं, त्याच्या मुळाशी रिडली यांचं ते निरीक्षण आहे.

प्लॅस्टिक मुकाट राहतं. लोखंड राहत नाही. आता मी जे सांगतो ते बाजारात काम करणाऱ्यांनी लक्ष देऊन ऐकावं. छिन्नीवर हातोडा मारताना कधी कधी पोलादाची एक कपची सुटते. ग्राइंडरची ठिणगी पारपटलावर बसते, पण ही कपची इतक्या वेगात येते की ती पारपटल भेदून, भिंगातून, थेट मागे जाते. जखम एवढी बारीक असते की आपोआप मिटते. क्षणभर काहीतरी लागल्यासारखं वाटतं, थोडं पाणी येतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं ठीक. पारपटलाच्या पलीकडे ती जिथे रुतली आहे तिथे दुखायची सोयच नाही. मग आठवड्यांनी, कधी वर्षांनी, रात्री कमी दिसू लागतं, त्या डोळ्याची बाहुली मोठी राहते, बुबुळाचा रंग तांबूस होतो. लोह विरघळून डोळ्याच्या पेशीपेशीत झिरपलेलं असतं. म्हणून "हातोडी मारताना काहीतरी उडालं होतं" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो. एमआरआय अशा वेळी करायचा नसतो, कारण त्याचं चुंबक ती कपची डोळ्यातच फिरवेल. आणि कामावर बाजूंनी बंद असलेला गॉगल घाला. साध्या चष्म्याच्या कडेने कपची आत येते.

ही कपची भिंगामागे ज्या पोकळीत शिरते तिथे काचाभ द्रव असतो. सुमारे चार मिलिलिटर, जवळजवळ सगळं पाणीच, पण कोवळ्या ताडगोळ्याच्या गरासारखं बांधून राहिलेलं. डोळ्याचा बहुतांश भाग याने व्यापलेला. वयाबरोबर तो पातळ होतो, त्यातले तंतू एकत्र येतात आणि त्यांच्या सावल्या आपल्याला उडत्या माश्यांसारख्या दिसतात. पुढे हा द्रव मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्यापासून सुटतो. बहुतेकांत तो सुखरूप सुटतो. काहींत सुटताना पडद्याला ओढ देतो. ओढलेल्या पडद्याला दुखत नाही. त्याला प्रकाश सोडून दुसरं काही कळतच नाही, म्हणून ओढ बसली तरी त्याला विजेसारखी चमक दिसते. आतल्या डोळ्याची ही एकमेव हाक आहे. एकाएकी खूप काळे ठिपके, अंधारातही चमका, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. नुसती भेग असेल तर लेझरने बांधता येते. पडदा सुटला तर ऑपरेशन.

या पोकळीत सुखरूप आत जायला सर्जनला वाट एकच. पारपटलाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे अशी एक अरुंद पट्टी आहे, जिथून हत्यार आत घातलं तर पुढे भिंगाला धक्का लागत नाही आणि मागे पडद्यालाही. १९७० च्या सुमारास डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी या वाटेने काचाभ द्रव काढण्याची पद्धत बसवली. लोखंडी कपची चुंबकाने किंवा चिमट्याने बाहेर येते ती बहुधा इथूनच.

आणि शेवटी तो पडदा, दृष्टिपटल. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते वर्गात बकऱ्याचा डोळा कापून दाखवत असत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना आतली निळी-हिरवी लकाकी आठवत असेल. तो प्रकाश परत फेकणारा थर रात्री चरणाऱ्या, शिकार करणाऱ्या अनेक प्राण्यांत असतो. माणसात तो नाही. आपल्या दृष्टिपटलामागे काळा-तपकिरी थर आहे, तो फुकट गेलेला प्रकाश गिळतो.

या थराचं आणखी एक काम मला फार विलक्षण वाटतं. दृष्टिपटलात मंद उजेडासाठी दहा कोटींच्या आसपास दंडपेशी आहेत, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या पन्नास-साठ लाख शंकुपेशी. उजेड पडून त्यांची टोकं सतत झिजतात. दंडपेशी आपल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा रोज टाकून देते आणि हा काळा थर तो खाऊन टाकतो. वापरलेलं अ-जीवनसत्त्वही तोच दुरुस्त करून परत देतो. अ-जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, म्हणून बाळाला त्याचा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा दीड वर्षाच्या सुमारास आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो चुकवू नका.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भर दुपारी भातण बोगद्यात शिरताना क्षणभर काहीच दिसत नाही, हा अनुभव इथल्या प्रत्येक चालकाला आहे. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण तेवढ्याने फार तर पंधरा-सोळा पट उजेड जास्त आत येतो. खरं काम या पेशींच्या रसायनाचं, आणि दंडपेशींना पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बोगदा त्याआधीच संपतो. वेग कमी करणं, दिवे लावणं आणि गॉगल काढणं एवढंच हातात आहे.

एक प्रयोग करू या. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटवून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच पाहत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. वीतभराच्या थोडं आधी त्याचं टोक नाहीसं होईल. दिसलं? म्हणजे, नाही दिसलं? तिथे प्रत्येकाच्या दृष्टिपटलात भोक आहे. डोळ्याची नस तिथून बाहेर पडते, म्हणून तिथे एकही दंडपेशी नाही, एकही शंकुपेशी नाही. जन्मभर हे भोक घेऊन आपण वावरलो आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. काचबिंदूत, मधुमेहात नवी भोकं पडतात तेव्हाही मेंदू असाच प्रामाणिकपणे ती बुजवत असतो.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या केसांहून बारीक वाहिन्या कमकुवत होतात, पाझरतात, बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या मागतो. त्या येतात त्या ठिसूळ, आणि एके दिवशी फुटून डोळा रक्ताने भरतो. त्या दिवसाच्या आधीची कित्येक वर्षं नजर चांगली असू शकते. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी डोळ्याच्या आत पाहण्याचं साधन जगापुढे ठेवलं तोवर जिवंत माणसाचा हा पडदा डॉक्टरांनाही नीट पाहता येत नव्हता. आज तो पनवेलमध्ये पाहता येतो, आणि दहा मिनिटांत पाहता येतो. पारपटल बदलता येतं, भिंग बदलता येतं, काचाभ द्रव काढून टाकता येतो. दृष्टिपटल आणि डोळ्याची नस बदलता येत नाही.

अडचण मला माहीत आहे. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड झोंबतो, गाडी चालवता येत नाही. रोजावर काम करणाऱ्याचा आणि फेरीवर पैसे मिळणाऱ्या चालकाचा तेवढा दिवस बुडतो. म्हणून वाहतूकदार आणि बाजारातले व्यापारी इथे बसले आहेत त्यांना माझी सूचना अशी : माल उतरवण्यासाठी गाडी बाजारात उभी असते तेव्हा चालकाला मोकळा वेळ असतो. त्या वेळात गोदामालगतच्या एखाद्या खोलीत डोळ्यांचं प्रेशर मोजणं, साखर पाहणं आणि थेंब टाकून पडदा तपासणं होऊ शकेल. थेंब टाकलेल्या चालकाला त्या दिवशी पुढची फेरी देऊ नये आणि त्याची मजुरी कापू नये, एवढं मालकांनी मान्य करावं. माथाड्यांसाठीही तेच. तपासायला डॉक्टर गोळा करणं माझ्याकडे लागलं. खोली आणि तारीख तुम्ही ठरवा, ती आज सभा संपल्यावर ठरली तरी चालेल.